सोमनाथची फियाट अन् माझा पत्रा

नाशिक रोड ते द्वारका ह्या पट्ट्यात पत्र्याचं काम माझ्यासारखं कोणी करत नाय. ज्याला पटत नसेल त्यानं आपली ठोकलेली गाडी घेऊन यावी. मी रंगनाथ. सातवी शिकलो, चौदाव्या वर्षी चांदवडकडचं गाव सोडलं अन् वडाळा नाक्याला उस्तादाच्या हाताखाली हातोडी धरली. त्याला आता पन्नास वर्षं झाली. ट्रकखाली चेपलेली गाडी मी अशी उभी करतो की मालक स्वतः फिरून फिरून बघतो, त्याला सापडत नाय कुठं लागली होती ते.

आमच्या जेल रोडच्या मंडळानं ह्या वर्षी कॉलनीतल्या कष्टाच्या माणसांवर अंक काढायचा ठरवलाय. पोरं आधी माझ्याकडंच आली. मी म्हणलं, माझी माहिती सगळ्यांना हाय, सोमनाथची घ्या, ती कोणालाच नाय. सोमनाथ म्हणजे माझा धाकटा भाऊ. अन् त्याची माहिती म्हणजे त्याची जुनी फियाट. ती गाडी पुरी करायची का तशीच अर्धी विकायची, ह्यावरून आम्हा भावाभावात काय झालं ते सांगितलं की सोमनाथ सांगून होतो. गोड काही नाय त्यात.

तो माझ्याहून पाच वर्षांनी लहान. त्याला माणसात मी आणला. दहावी झाल्यावर वडील म्हणाले, आता कांद्याला माणूस पायजे. मी गावाला गेलो, त्याची पिशवी भरली अन् नाशिकला घेऊन आलो. सातपूरच्या आयटीआयला फिटरला घातला. सहा जण एका खोलीत राहायचो, पण अभ्यासाला बल्ब त्याच्या डोक्यावर असायचा. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तो इंटरव्ह्यूला गेला तेव्हा अंगातला शर्ट माझा होता. नोकरी लागली सत्त्याऐंशी साली. तेव्हापासून मी कोणालाही सांगतो, त्याच्या नोकरीत अर्धा हात माझा हाय. तोही कधी नाय म्हणला नाय. नाय म्हणायची त्याला सवयच नव्हती.

माणूस मात्र वेगळा. मी एक काम हातात घेतलं की संध्याकाळी गाडी बाहेर. सोमनाथ एक बोल्ट काढणार, रॉकेलनं धुणार, फडक्यावर ठेवणार, चष्मा लावून बघणार, मग औषधाच्या रिकाम्या डबीत घालून वर चिठ्ठी चिकटवणार. पुढचा डावा दरवाजा, वरची बिजागरी, दोन नग. एकलहऱ्याला त्यांच्यात एक पद्धत हाय. मशीन कामाला काढलं की आधी परमिट घ्यायचं अन् त्या स्विचला लाल पुठ्ठा टांगायचा. त्यावर तारीख अन् टांगणाऱ्याचं नाव. तो पुठ्ठा ज्यानं टांगला त्यानंच काढायचा, मोठ्या साहेबानं सुद्धा हात लावायचा नाय, कारण आत माणूस काम करत असला अन् कोणी बटण दाबलं तर संपला. सोमनाथनं ती पद्धत घरी आणली. गाडीच्या ज्या भागाचं काम अडलं असेल तिथं तो तारेनं लाल पुठ्ठा टांगायचा. मी म्हणायचो, अरे ही फियाट हाय का बॉयलर? तो हसायचा अन् पुठ्ठा तिथंच राहायचा.

गाडी म्हणजे डुक्कर फियाट, छप्पन्न सालची. पुढून तोंड डुकरासारखं दिसतं म्हणून लोक तसं म्हणतात. पुढचे दरवाजे उलटे उघडतात, गिअर स्टिअरिंगला. हिचं वेड त्याला सहा वर्षांचा असताना लागलं. आम्ही दोघं राहूड घाटात हायवेच्या कडेला म्हशी घेऊन बसलेलो. अशीच एक फियाट वाफा सोडत थांबली. मालकानं पाणी मागितलं, सोमनाथनं विहिरीवरून कळशी आणून दिली. मालकानं खूश होऊन त्याला पुढच्या सीटवर बसवलं अन् घाट उतरून खालपर्यंत फिरवून आणलं. मला म्हणला, तू म्हशींकडं बघ. त्या दिवसापासून सोमनाथच्या डोक्यात एकच. आपली अशी गाडी असावी अन् ती आपण राहूड घाटात चालवावी. दुसरं काही त्यानं आयुष्यात मागितल्याचं मला आठवत नाय.

दोन हजार सहा साली ती त्याला देवळाली कॅम्पात मिळाली. एका पारशी म्हातारीच्या बंगल्यावर सुट्टीच्या दिवशी तो बोअरची मोटर दुरुस्त करायला जायचा. मागच्या शेडमध्ये तिच्या नवऱ्याची फियाट पंचवीस वर्षं उभी होती. सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. म्हातारी म्हणाली, तू हिच्याकडं बघतोस तसं माझ्या पोरांनी कधी बघितलं नाय, घेऊन जा. कागद एकदम साफ होते. आरसी बुक त्यानं रीतसर स्वतःच्या नावावर करून घेतलं. ट्रॅक्टरला बांधून गाडी जेल रोडला आणली तेव्हा मागं मी पळत होतो अन् रस्त्यानं सगळ्यांना सांगत होतो, माझ्या भावाची हाय.

सात वर्षं तो ड्युटी सांभाळून तिच्यावर राबला. इंजिन स्वतः उतरवलं, स्वतः बांधलं. पुढच्या चाकांच्या पिना बाजारात मिळत नव्हत्या, त्या अंबडला एका लेथवर उभं राहून काढून घेतल्या. मीटरच्या काट्यांना त्यानं दीपमालाच्या नेलपॉलिशनं रंग दिला. दीपमाला त्याची बायको. घोटीची, भाताच्या घरची. तिनं कधी तक्रार केली नाय, फक्त म्हणायची की सवत आणली असती तर निदान भांडी तरी घासली असती.

तेरा सालापर्यंत इंजिन आवाज द्यायला लागलं होतं. राहिला होता पत्रा. अन् पत्रा म्हणल्यावर नाशिकमध्ये माणूस कोण? पण सोमनाथ मला बोलवेना. कॉलनीतले विचारायचे, भाऊ एवढा मोठा कारागीर, त्याला का नाय देत? तो म्हणायचा, दादाच्या दुकानात गर्दी असते. माझ्या दुकानात गर्दी असते हे खरं, पण ते कारण नव्हतं. त्याला माझी घाई नको होती. ते मला लागलं होतं.

त्या दिवाळीत तो भाऊबीजेला बायको-पोरीला घेऊन चार दिवस घोटीला गेला. गाडी त्याच्या घराला लागून असलेल्या शेडमध्ये असायची, त्या शेडची किल्ली आमच्या घरी ठेवून गेला. मी मनात म्हणलं, आता दाखवतो. दोन माणसं, गॅस, ग्राइंडर अन् नवा पत्रा घेऊन शेडमध्ये शिरलो. इंजिन अन् पुढच्या सीटच्या मध्ये जो आडवा पत्रा असतो तो उजव्या बाजूला खाली पापडासारखा झालेला. वर चांगला होता, जुन्या रंगाचे जाड थर चढलेले. दुसऱ्या कोणी खाली वीतभर तुकडा जोडून दिला असता. मी ठिगळ लावत नाय. उस्तादानं मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं की ठिगळ लावायचं असेल तर शिंप्याकडं जा. मी तो सगळा पत्राच कापून काढला अन् त्याच मापाचा नवा ठोकून बसवला. चार दिवस अन् चार रात्री. जोड असा मारला की हात फिरवला तरी बोटाला लागत नाय. आजही नाय लागायचा.

सोमनाथ आला तेव्हा मी गल्लीतल्या सगळ्यांना बोलावून ठेवलं होतं. जिलेबी आणली होती. मी बॉनेट उघडलं. तो बघत राहिला. वाकला, उजव्या बाजूला बोट फिरवलं, बराच वेळ फिरवलं. मला वाटलं जोड शोधतोय. मग त्यानं विचारलं, जुना पत्रा कुठंय? मी म्हणलं, भंगारवाल्याला दिला, दुकानातल्या बाकीच्या पत्र्याबरोबर. तो म्हणला, "बरं. काम छान झालंय, दादा." अन् चपला घालून बाहेर गेला. संध्याकाळी आला. मी समजलो, पेढे आणायला गेला असेल, पण हात रिकामे होते. दुसऱ्या दिवशी त्या पत्र्यावर एक लाल पुठ्ठा टांगलेला दिसला. मी विचारलं, इथलं काय अडलंय आता? म्हणला, आहे थोडं.

तिथून पुढं गाडी पुढं सरकेना.

आधी सोमनाथ सावकाश होता, पण चालू होता. आता तो काढलेलंच परत काढायचा, धुतलेलंच परत धुवायचा. एक दरवाजा त्यानं तीनदा बसवला अन् तीनदा उतरवला. मी रंग मारून देतो म्हणलं तर म्हणायचा, एवढ्यात नको. सीटं शिवायला टाकू म्हणलं तर तेच. सुट्टीच्या दिवशी कुठंतरी निघून जायचा, विचारलं तर म्हणायचा, अंबडला काम आहे. एक वर्ष, दोन वर्षं, पाच वर्षं. मला लाज वाटायला लागली. माझ्या हातचा पत्रा त्या गाडीत, अन् गाडी शेडमध्ये धूळ खातेय.

मग मी बोलायला लागलो, ते थांबलो नाय. गल्लीत म्हणायचो, ताजमहाल ह्याच्याआधी झाला. लग्नाकार्यात कोणी विचारलं, सोमनाथराव काय करतात, तर मीच सांगायचो की गाडी करतात, तुमचा नातू चालवेल. पोरं त्याला येता-जाता विचारायची, काका, गाडीचा आरसा तरी बसला का? सायलीच्या, म्हणजे त्याच्या पोरीच्या साखरपुड्यात तिच्या सासरच्या माणसांसमोर मी म्हणलं, ह्याच्या हातून एक गोष्ट पुरी व्हायची नाय, हे लग्न मी हातात घेतलं म्हणून पार पडतंय. सगळे हसले. सोमनाथही हसला. दीपमाला नाय हसली, ती आत निघून गेली अन् जेवायला माझ्या पानात तिनं वाढलं नाय. माझी बायको नवसाबाई घरी येताना रिक्षात म्हणाली, तुमच्या जिभेला कोणी लाल पुठ्ठा टांगायला पायजे. मी म्हणलं, मोठा भाऊ हाय, बोलणारच.

बावीस साली सोमनाथ रिटायर झाला. चोवीसच्या पावसाळ्यात सायलीला मूल झालं अन् तिनं आईवडिलांना पुण्याला कायमचं बोलावलं. जेल रोडचं घर भाड्यानं द्यायचं ठरलं. भाडेकरूला शेड मोकळं पायजे होतं. आता गाडीचं काय ते ठरवणं भाग होतं.

सोमनाथ म्हणला, विकून टाकू, आहे तशी.

मी उडालोच. अठरा वर्षांची मेहनत अन् आहे तशी? अर्धी गाडी विकली तर लोक म्हणणार की ह्या दोघा भावांना जमलं नाय. दोघा भावांना. त्यात माझंही नाव. मी त्याला सांगितलं, चार महिने दे, दुकान बंद ठेवतो, रंग माझा, सीटं माझी, आरटीओत पासिंगला मी उभा राहतो, तू फक्त राहूड घाटात चालवायला ये. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणला, नको दादा, विकू. मी म्हणलं कारण सांग. तो म्हणला, थकलो.

मला ते पटलं नाय. मग मी माझ्या पद्धतीनं रस्ता काढला, त्याला न विचारता. पंचवटीचे चिंतामणराव वकील माझे जुने गिऱ्हाईक. घरात पिढ्यान् पिढ्या रामकुंडावरचं भिक्षुकीचं काम, पण ह्यांना जुन्या गाड्यांचा नाद. चार गाड्या हायेत त्यांच्याकडं, त्यातल्या दोन गाड्यांचा पत्रा मी केलाय. मी त्यांना म्हणलं, एकदा बघायला या. त्यांना आवडली अन् पुरी झाल्यावर घेतो असं ते बोलले तर सोमनाथला पुरी करावीच लागेल. अन् पुरी झाल्यावर विकायची का नाय ते बघू. असा माझा हिशेब.

रविवारी सकाळी वकीलसाहेब आले. सोमनाथला मी अर्धा तास आधी सांगितलं. तो नुसता शर्ट बदलून आला.

वकीलसाहेबांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. इंजिन चालू करायला लावलं, डोळे मिटून ऐकलं. डब्यांचं कपाट बघून म्हणाले, सोमनाथराव, असं काम मी पुण्या-मुंबईत बघितलेलं नाही. मी सोमनाथकडं बघितलं, की बघ. मग मी माझा पत्रा दाखवला. म्हणलं, शोधा बरं जोड. त्यांनी हात फिरवला, टॉर्च मारली अन् हार मानली. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या मिनिटाला मला लय बरं वाटलं.

मग त्यांनी आरसी बुक मागितलं अन् बॅगेतून पातळ कागदाची पट्टी अन् पेन्सिल काढली. आरटीओत जुन्या गाडीचं काही करायचं म्हणजे चेसी नंबरची छाप लागते. नंबरावर कागद धरायचा, वरून पेन्सिल घासायची, आकडे उमटतात. वकील माणूस, आधी कागद बघणार. मी म्हणलं, थांबा, खाली आडवं व्हावं लागेल. ट्रकला, जीपला नंबर खाली चेसीच्या गजावर ठोकलेला असतो, तेच माझ्या डोक्यात. ते म्हणाले, "ह्या गाडीला वेगळी चेसी नसते, रंगनाथराव. सगळी बॉडीच. नंबर ह्या आडव्या पत्र्यावर असतो, उजव्या अंगाला."

अन् त्यांनी माझ्या पत्र्यावर कागद धरला अन् पेन्सिल घासली.

कागद नुसता करडा झाला. त्यांनी जरा वर धरला, जरा खाली धरला. करडाच. माझं काम गुळगुळीत हाय.

मी सोमनाथकडं वळलो. तो पुढं आला, त्या पत्र्यावरच्या लाल पुठ्ठ्याची तार सोडवली, पुठ्ठा काढला अन् शर्टाच्या खिशात घातला. म्हणला, "नंबर होता. तेरा सालापासून नाय."

वकीलसाहेबांना कळलं. माणूस सभ्य, माझ्याकडं बघितलं नाय. कागदाची घडी करत राहिले. मी बोलायचं म्हणून बोललो, माझ्याकडं आकड्यांचे ठसे हायेत, आरसीवरचा नंबर अर्ध्या तासात ठोकून देतो, ब्रह्मदेवाला कळणार नाय. ते म्हणाले, हे मी ऐकलं नाही असं समजा. सोमनाथ म्हणला, ते चोरीच्या गाडीचं काम झालं, दादा. परवानगी काढून ठोकता येतो, ते त्यानं विचारून ठेवलं होतं, पण एजंटनं सांगितलेलं की जुना तुकडा दाखवल्याशिवाय कोणी सही करायचं नाय, उलट गाडी जमा व्हायची.

जाताना वकीलसाहेब म्हणाले, सुटे भाग मी सगळे घेईन, इंजिन, काचा, दरवाजे, मीटर, एकूण एक. बॉडी नको.

ते गेल्यावर मी स्टुलावर बसलो. सोमनाथ डब्या सरळ करत होता.

"बोलला का नायस तेव्हाच?"

"काय बोलू? तू गल्लीला जिलेबी वाटत होतास."

"नंतर बोलायचंस."

"नंतर उशीर झाला होता. पत्रा मिळाला असता तर तुला काही कळूच दिलं नसतं."

मी म्हणलं, अकरा वर्षं मी तुला चार लोकांत हसत होतो. तो म्हणला, हो, ऐकत होतो मी. तेवढंच. त्यात राग नव्हता, अन् तेच मला सहन होईना.

दीपमाला दारात उभी होती. लग्न होऊन आल्यापासून ती माझ्याशी खाली मान घालून बोललेली. त्या दिवशी मान वर होती. ती म्हणाली, "अंबडच्या भंगार बाजारात हे किती सुट्ट्या गेले, दादा, ते एकदा विचारा. पत्र्याचे ढीग उपसून यायचे. हाताला जखमा. मी टिटॅनसचं इंजेक्शन द्यायला घेऊन जायचे. अन् दुसऱ्या दिवशी तुम्ही गल्लीत म्हणायचात, सोमनाथ सुट्टीला झोपा काढतो."

मी तसं म्हणलेलो. मला आठवत होतं.

तरी मी हटलो नाय. मी असा माणूस नाय की खाली बसलो अन् रडलो. म्हणलं, रस्त्यावर नाय तर नाय, गाडी पुरी तर करू. रंग मारू, सीटं घालू, गावाला नेऊन घरापुढं उभी करू. लोक बघतील तरी. सोमनाथ पहिल्यांदा माझ्या डोळ्यात बघून बोलला.

"मला शोभेला नव्हती करायची. घाटात चालवायची होती." मग हातातली डबी खाली ठेवली. "पुरी झाली असती तर पासिंगला न्यावी लागली असती. नेली असती तर तुझं काम उघडं पडलं असतं. म्हणून होऊ दिली नाय. आता मला त्यातून सोडव, दादा. विकू दे."

मी हो म्हणलं. दुसरं काय म्हणणार.

पण एक सांगतो, अंकात छापा नायतर नका छापू. लोकांना वाटेल, भावानं केवढं मोठं मन दाखवलं. दाखवलं, खरंय. पण त्यानं मला एवढी वर्षं सांभाळून घेतलं, जसं घरातलं चुकलेलं पोर सांभाळतात. मी ज्याची पिशवी भरून गावाहून आणला, त्यानं मला. मला तोंडावर सांगितलं असतं की दादा, तू माझी गाडी संपवली, तर मी त्याच्या पाया पडलो असतो, भंगार बाजार त्याच्याबरोबर मी उपसला असता, तेव्हा पत्रा ताजा होता, सापडलाही असता. ती संधी त्यानं मला दिली नाय. त्याला वाटलं, मला सोसणार नाय. ह्याचा मला राग हाय, अन् तो जायचा नाय. माझी चूक मोठी, हे मला कोणी सांगायला नको. पण त्याचं गप्प बसणं लहान नव्हतं.

गाडी सोडवायला नऊ दिवस लागले. जे काम अकरा वर्षं पुढं जात नव्हतं ते मागं कसं सरसर गेलं. मी पहिल्या दिवशी हत्यारं घेऊन गेलो. सोमनाथ म्हणला, दादा, तू बस, चहा घे. दुसऱ्या दिवशी गेलो, तेच. मी खुर्चीवर बसायचो अन् तो एक एक भाग उतरवून, पुसून, कापडात गुंडाळून ठेवायचा. एकदाही त्याच्या हातातून काही निसटलं नाय. दरवाजा एकट्याला जड जात होता, मी उठलो, तर त्यानं दीपमालाला हाक मारली. तिनं एक बाजू धरली. मी उभाच राहिलो. पन्नास वर्षं मी दुसऱ्यांचे दरवाजे काढले-बसवले, अन् भावाच्या दारात मला काम नव्हतं.

वकीलसाहेबांचा टेम्पो आला, माल भरून गेला. पैसे किती ते मी विचारलं नाय, त्यानं सांगितलं नाय. बॉडी भंगारात गेली. कापून नेली तेव्हा मी दुकानावर होतो. मुद्दाम होतो.

पुण्याला जायच्या दिवशी सामानाची गाडी दारात लागली तेव्हा गल्ली निरोप द्यायला जमली. शेड रिकामं, फरशीवर तेलाचे डाग. समोरच्या बिल्डिंगमधला दत्तू, मनानं चांगला माणूस, माझ्याच तोंडचं ऐकून ऐकून शिकलेला, तो हसत म्हणला, "काय सोमनाथराव, शेवटी नायच झाली ना गाडी?"

सोमनाथ पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होता. म्हणला, "नाय जमलं मला."

बाकीचे हसले, सवयीनं. कोणीतरी म्हणलं, जाऊ द्या, पुण्यात दुसरी घ्या. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. तोंडात सगळं तयार होतं. पत्रा मी कापला, नंबर मी घालवला, ह्यानं नाय. तीन वाक्यं. सोमनाथनं दुसऱ्या बुटाची नाडी बांधली. त्यानं एकदा वर माझ्याकडं बघितलं असतं तर मी बोललो असतो. त्यानं बघितलं नाय. दीपमालानं बघितलं.

मी बोललो नाय.

तो उठला, माझ्या पाया पडला, लहान भाऊ पडतो तसा, अन् गाडीत बसला. लोक पांगले. दत्तू जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणला, तुम्ही तरी किती करणार त्याच्यासाठी.

त्यालाही मी काही बोललो नाय.